दप्तरात न चढलेले पदक

सेंट लुईस, मिसूरी.

अमेरिकेत ज्याने एकदा सैन्यात चाकरी केली, त्याच्या पुढील सर्व आयुष्यावर एका कागदाचा अंमल चालतो. सेवेतून मुक्त होताना शिपायाच्या हाती पडणारा हा दाखला १९५० सालापासून ‘डीडी २१४’ या रूक्ष नावाने ओळखला जातो. आणि भरती केव्हा झाली, हुद्दा कोणता होता, कोणत्या मोहिमांत भाग घेतला, मुक्तता कोणत्या स्वरूपाची झाली व कोणती पदके मिळाली, या साऱ्याची नोंद त्यावर असते. घरासाठी काढलेल्या कर्जाला सरकारी हमी हवी असो, जखमेपायी आलेल्या अपंगत्वाचा भत्ता हवा असो, इस्पितळात उपचार हवे असोत, किंवा शेवटी राष्ट्रीय दफनभूमीत साडेतीन हात जागा हवी असो, प्रत्येक कचेरीत प्रथम हाच कागद मागितला जातो. असा हा कागद जेव्हा अपुरा असतो, आणि रणांगणावर रक्त सांडून मिळविलेला बहुमान त्यात नमूद नसतो, तेव्हा तो नमूद करून घेण्यासाठी वृद्ध सैनिक आणि त्यांचे वारस जो उद्योग वर्षानुवर्षे करीत असतात, त्याची हकीकत मराठी वाचकांपुढे ठेवावी या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

पदक नोंदीतून सुटले म्हणजे कोणा कारकुनाने हयगय केली, अशी आपली पहिली समजूत होते. तसेही पुष्कळदा घडले आहे. १९४५ साली लक्षावधी माणसे एकदम घरी पाठविण्याची घाई उडाली असता मुक्ततेचे दाखले भरणाऱ्यांच्या हातून रकाने रिकामे राहिले, यात नवल ते काय? परंतु पुष्कळ प्रकरणांचे कारण याहून निराळे आहे, आणि मला तेच अधिक विचार करण्यासारखे वाटले. ‘ब्राँझ स्टार’ या पदकाचेच पाहावे. ४ फेब्रुवारी १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने हे पदक अस्तित्वात आले. युद्ध संपल्यानंतर, १९४७ साली, लष्कराने असे ठरविले की, ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ज्या पायदळी शिपायाला प्रत्यक्ष लढाईचा बिल्ला मिळाला असेल, किंवा रणांगणावर शुश्रूषा करणाऱ्याला त्याचा वैद्यकीय बिल्ला मिळाला असेल, तो या पदकाचाही हक्कदार समजावा. चिखलात, पावसात आणि शत्रूच्या माऱ्याखाली महिनोन्महिने काढणाऱ्या सामान्य पायदळी माणसाच्या वाट्याला पदके फार थोडी येतात, ही जाणीव त्या निर्णयामागे होती. पण तोपर्यंत तो शिपाई घरी जाऊन शेतीला किंवा गिरणीच्या कामाला लागला होता, त्याचा दाखला पेटीत पडून होता, आणि आपण एका पदकाचे धनी झालो आहोत ही वार्ता त्याला सांगण्यास कोणीही गेले नाही. दाखला ज्या तारखेस लिहिला गेला त्या तारखेस तो खरा होता. त्यानंतर आलेल्या नियमाने तो अपुरा ठरला.

हाच प्रकार पुढील युद्धांतही घडला. कोरियाच्या सरकारने आपल्या साहाय्यास आलेल्या परदेशी सैनिकांना १९५१ सालीच युद्धसेवापदक देऊ केले होते, पण अमेरिकेने त्याचा स्वीकार करण्यास १९९९ साल उजाडले. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन दलांना तेथील शासनाने दिलेला शौर्यक्रॉसचा सामूहिक सन्मान १९७४ सालच्या एका सर्वसाधारण लष्करी हुकुमाने सरसकट मान्य झाला. त्याआधी परतलेल्यांपैकी पुष्कळांच्या दाखल्यावर तो असण्याचे कारणच नव्हते.

येथवर प्रकरण सोपे आहे. हक्क नियमाने सिद्ध झालेला, मूळ दप्तर सुरक्षित. दप्तर काढून पाहावे आणि उणे ते भरून द्यावे, एवढेच काम. पण दप्तर जाग्यावर असेल तर! ज्या शहरातून मी हे लिहीत आहे, त्याच्या शेजारच्या ओव्हरलँड गावात मुक्त झालेल्या सैनिकांची व्यक्तिगत दप्तरे ठेवण्यासाठी मिनोरू यामासाकी या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे सहा मजल्यांची प्रचंड इमारत उभारलेली होती. कागदांच्या त्या अरण्यात आग विझविण्यासाठी छतातून आपोआप पाणी शिंपडणारी योजना मात्र नव्हती. १२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, सहाव्या मजल्यावर आग लागली. बेचाळीस विभागांचे बंब धावून आले, पाण्याचा अखंड मारा झाला, तरी ज्वाला आटोक्यात येण्यास जवळजवळ एक अहोरात्र गेले, आणि आग पुरती विझल्याचे जाहीर होईपर्यंत चार दिवस लोटले. आगीचे कारण अखेरपर्यंत शाबीत झाले नाही.

एक कोटी साठ लक्ष ते एक कोटी ऐंशी लक्ष सैनिकांची दप्तरे त्या आगीत नष्ट झाली, असा सरकारी अंदाज आहे. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूसेनेतून मुक्त झालेल्यांपैकी शेकडा ऐंशी जणांची दप्तरे गेली. म्हणजे दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेल्या पिढ्यांचा बहुतेक सारा लिखित इतिहास गेला. वायुसेनेच्या बाबतीत नुकसान वर्णक्रमाने झाले: सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या दरम्यान मुक्त झालेल्यांपैकी ज्यांचे आडनाव ‘हबर्ड’ या नावाच्या पुढे येत होते त्यांपैकी बहुतेकांची दप्तरे जळाली, आणि त्या नावाच्या आधीच्यांची वाचली. या कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, त्यांची सूक्ष्मचित्रे घेतलेली नव्हती, आणि काय जळाले हे सांगू शकेल अशी सूचीही केलेली नव्हती. जे सरकार सैनिकाकडून आयुष्यभर एकाच कागदाची मागणी करते, त्या सरकारने त्या कागदाच्या रक्षणाची एवढी उपेक्षा करावी, हा माझ्या मते अक्षम्य प्रमाद आहे.

या प्रमादानंतर जे झाले, ते मात्र मनापासून वाखाणण्याजोगे आहे. पाण्याने भिजलेले, कडा जळालेले लक्षावधी कागद दूध वाहून नेण्याच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत भरले गेले. बुरशी धरू नये म्हणून औषध फवारले गेले. आणि अंतराळयानांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या एका निर्वात कक्षात, एका वेळी सुमारे दोन हजार पेट्या ठेवून, ते वाळविण्यात आले. सुमारे पासष्ट लक्ष दप्तरे अशा रीतीने पूर्णतः वा अंशतः वाचली. जी नाहीशी झाली त्यांची पुनर्रचना करण्याचा उद्योग तेव्हापासून आजतागायत चालू आहे, आणि तो पाहताना मला या देशाच्या प्रशासनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकत्र दिसली. सैनिकाला दिलेल्या अखेरच्या पगाराची पावती हिशेबखात्यात निराळी ठेवलेली असते. तिच्यावरून तो सेवेत होता एवढे निर्विवाद ठरते. प्रत्येक तुकडीत त्या काळी रोज सकाळी लिहिलेली हजेरी असते. तीत कोण आजारी, कोण जखमी, कोण बदलून गेला हे सापडते. पदकांचे सर्वसाधारण हुकूम निराळ्या संग्रहात असतात. शस्त्रवैद्य विभागाने सांख्यिकीसाठी केलेल्या इस्पितळप्रवेशाच्या नोंदी १९८८ साली या दप्तरखान्याच्या हाती आल्या, आणि जखमी सैनिकाला मिळणाऱ्या ‘पर्पल हार्ट’ पदकाचे कित्येक अडलेले दावे त्यांच्या आधाराने पुढे सरकले. त्या नोंदींत सैनिकाचे नाव नसते, केवळ सेवाक्रमांक असतो. म्हणून ज्याला आपला क्रमांक ठाऊक नाही त्याला आपली जखम शाबीत करणे कठीण जाते.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या वडिलांचे प्रकरण याच मार्गाने गेले. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरलेल्या, पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावाने गाजलेल्या अमेरिकन पायदळी पथकात ते होते. त्या पथकातील सुमारे तीन हजार माणसे मुंबईहून प्रथम आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गेली, तेथून मध्य हिंदुस्थानात देवगढ येथे जंगलयुद्धाचे शिक्षण घेऊन ब्रह्मदेशात शिरली, आणि १७ मे १९४४ रोजी मिचिनाचा विमानतळ हस्तगत होईपर्यंत लढाईपेक्षाही हिवताप, हगवण आणि उपासमार यांनी एवढी खंगली की, ऑगस्ट महिन्यात ते पथक मोडावे लागले. कन्येने वडिलांचे दप्तर मागविले तेव्हा ते जळाल्याचे उत्तर आले. पण युद्धाहून परतल्यावर पुष्कळ सैनिकांनी केले तसे तिच्या वडिलांनीही केले होते: आपला दाखला त्यांनी जिल्ह्याच्या न्यायालयात, जमिनीच्या खरेदीखतांच्या शेजारी, नोंदवून ठेवला होता. त्या नकलेत ‘इंडिया-बर्मा’ ही मोहीम होती आणि पायदळी लढाईचा बिल्लाही होता. ब्राँझ स्टार नव्हता. बिल्ला शाबीत झाल्यावर १९४७ च्या नियमाने पदक आपोआपच पदरात पडते, म्हणून पुढील काम एका अर्जावर भागले, आणि दुरुस्तीचे पत्र व पदक तिच्या घरी आले. वडील त्याआधीच निवर्तले होते.

येथील दुरुस्तीची पद्धत मला विशेष आवडली. मूळ ‘डीडी २१४’ वर कोणी खाडाखोड करीत नाही. ‘डीडी २१५’ नावाचे दुरुस्तीपत्र त्यास जोडले जाते, आणि पूर्वी काय लिहिले होते व पुढे काय मान्य झाले, हे दोन्ही कायम राहते.

ज्या प्रकरणात दप्तरखान्याचा निर्णय प्रतिकूल येतो, किंवा जेथे नियमाची रुजुवात पुरेशी नसून न्यायबुद्धीने निवाडा करावा लागतो, ते प्रकरण सैनिकी दप्तर-दुरुस्ती मंडळापुढे जाते. १९४६ पूर्वी असली गाऱ्हाणी काँग्रेसपुढे येत आणि एकेका सैनिकाच्या नावाने स्वतंत्र विधेयके संमत करावी लागत. त्या भाराने विधिमंडळ थकले, तेव्हा त्या वर्षीच्या कायद्याने हे अधिकार प्रत्येक दलाच्या मंत्र्याकडे आणि त्याने नेमलेल्या मंडळांकडे सोपविले गेले. या मंडळांचे सभासद मुलकी असतात, गणवेशधारी नसतात, ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा, अशी मुदत आहे. पण न्यायाच्या दृष्टीने इष्ट वाटल्यास मंडळ ती मुदत माफ करू शकते. शौर्याची शिफारसच त्या काळी झाली नसेल, तर काँग्रेसच्या एखाद्या सभासदामार्फत ती उशिराही करता येते. वर्णभेदाने दडपलेल्या शौर्याची फेरतपासणी व्हावी असे काँग्रेसने १९९६ साली फर्माविले, तेव्हा २१ जून २००० रोजी आशियाई वंशाच्या बावीस सैनिकांना सर्वोच्च पदक देण्यात आले; त्यांत एक हात युद्धात गमावलेले सिनेटर डॅनियल इनोये हे होते.

तरीही एका बाबतीत माझे मत या व्यवस्थेच्या विरुद्ध आहे. मंडळापुढे प्रकरण उभे राहते ते सरकारी दप्तर बिनचूक आहे असे गृहीत धरून, आणि ते गृहीत खोडून काढण्याचा सारा भार अर्जदारावर असतो. अपंगत्वाच्या भत्त्याचे दावे चालविणाऱ्या खात्यात याउलट नियम आहे: पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो, आणि सरकारच्याच ताब्यात असताना कागद नष्ट झाले असतील तर त्या खात्याची जबाबदारी अधिक वाढते, असे तेथील न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले आहे. पैशाच्या बाबतीत जे औदार्य कायद्याने मान्य केले, ते मानाच्या बाबतीत का नसावे? ज्याचे दप्तर सेंट लुईसच्या आगीत गेले त्या नव्वदीच्या वृद्धाला, तुझ्या जखमेचा कागद दाखव, असे जळिताचा धनीच विचारतो, हे मला न्याय्य वाटत नाही. पुरावा समतोल असेल तेथे जळालेल्या दप्तराचा लाभ सैनिकालाच मिळाला पाहिजे.

साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतून आणि कोल्हापूर, रत्नागिरीच्या खेड्यांतून ज्यांचे आजे-पणजे मराठा पलटणींत होते, त्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातील जुन्या ट्रंकेत आजोबांचे सेवामुक्तीचे पुस्तक असेल तर ते आजच बाहेर काढावे, त्यावरील सेवाक्रमांक, पलटण, भरतीची व मुक्ततेची तारीख स्वतंत्र वहीत लिहून ठेवावी, त्याच्या दोन नकला काढून एक भावंडांकडे ठेवावी, आणि एखाद्या पदकाचा उल्लेख राहिला आहे असे वाटल्यास, घरातील जाणते माणूस हयात असतानाच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी.