पक्षाघातग्रस्त मेंदू आणि मायक्रो-आरएनए

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जितका प्राणवायू वापरते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूस लागतो. साठा करून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. म्हणूनच रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या प्रदेशाच्या गाभ्यातील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील पेशींचे कार्य मात्र थांबलेले असले तरी त्या जिवंत असतात. या पट्ट्यास शास्त्रज्ञांनी ग्रहणाच्या परिभाषेतून 'उपच्छाया' हे नाव घेतले आहे, आणि ते समर्पक आहे.

गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. त्याने रक्ताची वाट मोकळी होते; पेशींस तगवून धरण्याचे काम त्याहून निराळे. त्या दिशेने झालेले प्रयत्न फारसे सुखावह नाहीत. 'एनएक्सवाय-०५९' या औषधाने २००६ मध्ये रुग्णांवरील चाचणीत आशा निर्माण केली. पुढच्याच वर्षी अधिक मोठ्या चाचणीत ती मावळली. मेंदूतील हानी अनेक मार्गांनी एकाच वेळी होत असल्यामुळे एकच मार्ग अडवून भागत नाही, असा तर्क त्यावरून करता येतो. मायक्रो-आरएनएकडे लक्ष वळण्याचे कारण येथेच आहे.

जनुकातील मजकुराची नक्कल 'संदेशक आरएनए' वाहून नेतो व तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. मायक्रो-आरएनए हा अवघ्या २२ घटकांच्या आसपास लांबीचा रेणू. त्यापासून प्रथिन होत नाही. तो आर्गोनॉट नामक प्रथिनाच्या आधाराने आपल्याशी जुळणाऱ्या संदेशकास जाऊन बिलगतो, आणि तो संदेश एकतर वाचला जात नाही किंवा लवकर नष्ट होतो. असा एक रेणू शेकडो संदेशकांवर अंकुश ठेवू शकतो. १९९३ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका सूत्रकृमीत त्याचा छडा लावला. २०२४ चे नोबेल पारितोषिक त्याबद्दलच मिळाले.

पक्षाघातानंतर मेंदूतील या रेणूंचे प्रमाण बदलते, आणि तो बदल नेहमी हितकारक असतोच असे नाही. उंदरांमध्ये रक्तपुरवठा तुटल्यावर 'मिर-४९७' वाढतो व पेशीस मरणापासून रोखणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाचाच संदेश बंद पाडतो. संकटकाळी द्वारपालानेच कडी काढावी, तसा हा प्रकार. 'मिर-१८१ए' चे वर्तन अधिक उद्बोधक आहे. तो मृत गाभ्यात वाढलेला, तर तग धरून राहिलेल्या उपच्छायेत घटलेला आढळतो. प्रथिनांची घडी नीट बसविणाऱ्या जीआरपी-७८ या साहाय्यक प्रथिनास तो दाबून ठेवतो. त्याचा प्रतिरोधक रेणू टोचल्यावर उंदरांच्या मेंदूतील मृत भाग लहान राहिला. रक्तपुरवठा तुटल्यानंतर टोचूनही लाभ दिसला, हे विशेष.

तथापि हे प्रतिरोधक रेणू रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत. अशा प्रयोगांत ते बहुधा थेट मेंदूच्या पोकळीत सोडावे लागले. शिवाय ज्या रेणूचा अंकुश शेकडो संदेशकांवर, तो काढून घेतल्यास नको ते संदेशही मोकळे होतात. 'लेट-७एफ' चा प्रतिरोधक २०१२ मधील प्रयोगात मादी उंदरांस उपकारक ठरला, नरांस मात्र नाही. केवळ नर प्राण्यांवर घेतलेल्या प्रयोगात हा गुण दृष्टीस पडलाच नसता.