इयादतीला आलात, आता दोन तास बसा

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके मोठ्या रस्त्यांवर बसलेले आहेत. शिरूरमधून पुणे-नगर रस्ता जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर. इकडे रांजणगावची एमआयडीसी, तिकडे कुरकुंभची. पाळी सुटली की शेकडो मोटारसायकली एकदम रस्त्यावर येतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे लाल दिवा नसतो, चमकणारी पट्टी असलीच तर चिखलाने झाकलेली. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, अशी केंद्र सरकारची आकडेवारी आहे. गेलेल्यांचा जनाजा निघतो, जियारत होते. जखमी घरी येतात. डोक्याला मार लागलेला माणूस घरी आल्यावर त्या घरात पुढे काय चालते, याबद्दल आपल्यात फारसे कोणी बोलत नाही.

आम्ही तिघी बहिणी. दोघी दौंडला दिल्या, एक शिरूरला. दुल्हेभाई, म्हणजे आपाचे पती, कुरकुंभला फिटर होते. रात्रीच्या पाळीहून येताना त्यांची गाडी ट्रॉलीवर गेली. हेल्मेट हँडलला लटकवलेले होते. पुण्यात ऑपरेशन झाले, बावीस दिवस तिथे काढले आणि ते घरी आले. हे सारे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण इस्पितळातले दिवस सगळ्यांना ठाऊक असतात. तिथे डॉक्टर असतात, नर्स असतात, बाहेर बाकड्यावर दहा नातेवाईक असतात. घरी आल्यावर एकटी आपा होती.

पहिला धक्का बसला तो त्यांचे डोके पाहून. एका बाजूला खळगा. मेंदूला सूज येते आणि कवटी ताणली जात नाही, म्हणून सर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवतात. पुष्कळदा तो तुकडा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, परत बसवतात. तोवर त्या बाजूला हाडाचे संरक्षण नसते. त्या कुशीवर झोपू द्यायचे नाही, उठताना-चालताना सोबत हवी, लहान मुलांना जवळ चेंडू खेळू द्यायचा नाही. शेजारच्या एका बाईंनी आपाला विचारले, “हाड विकले तर नाही ना डॉक्टरांनी?” आता हसू येते. त्या दिवशी आपा रडली होती.

दुसरी गोष्ट घरी आणलेल्या कागदाची. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस असे लिहून पुढे आकडा असतो. ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी आणली. डोळे उघडण्याला चारपर्यंत, बोलण्याला पाचपर्यंत आणि हालचालीला सहापर्यंत गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आम्हा शिक्षकांना गुणांची सवय, त्यामुळे १५ पैकी १५ पाहून पेपर पूर्ण सुटला असे कोणालाही वाटेल. पण हा आकडा माणूस किती जागा आहे एवढेच सांगतो. त्याला हिशेब जमतो का, राग आवरतो का, सकाळचे संध्याकाळी आठवते का, हे त्यात नसते. सारे घर ‘आता बरे झाले’ म्हणते आणि आठव्या दिवशी तो माणूस आपल्याच मुलाला घराबाहेर काढतो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. कपाळामागचा मेंदू हा आपला लगाम असतो. तिथे मार बसला की शिवी तोंडातच अडवून ठेवणारा गडी कामावर नसतो. माणूस हट्टी होतो, नाहीतर नुसता बसून राहतो. याला आळस, घमेंड किंवा ‘बाहेरचे काही’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ताईत घालायचा त्यांनी घालावा, पण फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी त्यासाठी बंद करू नये. ती गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम सोडली तर फिट येऊ शकते. रमजानच्या आधी डॉक्टरांना वेळा विचाराव्यात. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा दीनने दिलीच आहे. बरे झाल्यावर कजा करावा, बरे होण्याची आशा नसेल तर फिदया.

बोलण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आम्ही भाषा शिकवणारे. दुल्हेभाईंना ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता. बोट दाखवत, चिडत, ‘ते, ते’ म्हणत. पण कोणी सुरुवात करून दिली की अल-फातिहा शेवटपर्यंत सलग म्हणत. एकपासून वीसपर्यंत आकडेही म्हणत. सासरच्या एका वडीलधाऱ्याने निकाल दिला: “नाटक आहे. सूरा येते आणि पाणी येत नाही होय?” हे नाटक नव्हते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाविषयी लिहून ठेवले आहे. त्याला समजत बरेच होते, पण तोंडातून एकच अक्षर यायचे, ‘तां’. मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग दुखावला की शब्द शोधून जोडणे अवघड होते. लहानपणापासून हजारदा म्हटलेली गोष्ट, दुआ असो की पाढे, वेगळ्या वाटेने येते आणि अनेकदा शाबूत राहते. दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांच्या भाषाही सारख्याच वेगाने परत येतील असे नसते. दुल्हेभाईंना आधी घरातली दखनी आली. कारखान्यात बोलायची मराठी बरीच उशिरा आली.

मग आम्ही शाळेतलेच साहित्य काढले. पहिलीची चित्रे, उर्दूचा कायदा, आणि घरातल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही येईल. “काय हवे?” म्हणण्याऐवजी “चहा? पाणी?” एका वेळी एकानेच बोलायचे, टीव्ही बंद करून. उत्तराला वेळ द्यायचा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजून. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाला जे लागते तेच. पुण्याच्या स्पीच थेरपिस्टकडे महिन्यातून एकदा दौंडहून डेमूने जात होतो. त्यांनी दिलेला अभ्यास मात्र घरी रोज अर्धा तास, दोन भागांत. त्याहून जास्त नाही, कारण मार लागलेला मेंदू लवकर थकतो. हा थकवा दिसत नाही, पण दुपारनंतरचे बहुतेक तंटे त्यातूनच होतात. आपाने वेळा लिहून पाहिल्या. राग यायचा तो बहुधा चार ते सहाच्या मध्ये, पाहुणे असतील तर हमखास. दुपारची झोप सक्तीची केली आणि पाहुण्यांना सकाळी बोलावले, तेव्हा भांडी आपटणे पुष्कळ कमी झाले.

घरात भिंतीवर पाटी लावली: आज वार कोणता, कोण येणार, गोळी घेतली का. गाडीची चावी आपाच्या भावजयीच्या घरी ठेवली. “माझीच गाडी” म्हणून ते भांडले, पण डॉक्टर परवानगी देईपर्यंत ती चावी घरात नको, यावर आम्ही ठाम राहिलो. दुखऱ्या हाताला धरून ओढून उठवायचे नाही, खांदा निखळतो. जेवताना ताठ बसवायचे, नंतरही अर्धा तास आडवे करायचे नाही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगायचे. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली किंवा फिट आली तर वाट न पाहता १०८ ला फोन. एवढे कळायला बीएड लागत नाही. घरच्यांना ते सुट्टीच्या दिवशी कोणी सांगत नाही, एवढेच.

नमाजचे काय, हा प्रश्न दुल्हेभाईंनी स्वतःच विचारला, तुटक शब्दांत. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने, ही सवलत सर्वांना माहीत आहे. त्यांची अडचण वेगळी होती. किती रकात झाल्या ते विसरायचे आणि घरी एकटे पढताना चार-चारदा सुरुवात करायचे. इमामसाहेबांनी त्यांच्यासाठी सफच्या टोकाला खुर्ची ठेवली आणि जमातीबरोबरच पढा म्हणजे मोजायचे ओझे इमामवर, असे सांगितले. असरला पुतण्या नेतो आणि आणतो. त्या वीस मिनिटांत आपा दार लावून गप्प बसते.

एक प्रश्न बायका आम्हाला कानात विचारतात. डोक्याला मार लागलेल्या नवऱ्याने संतापात तलाकचा शब्द काढला तर? एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानेही तो निरर्थक आहे. फिकहमध्येही तलाकसाठी माणूस शुद्धीत आणि समजदार असण्याची अट आहे. अशा घराने डिस्चार्जचे कागद घेऊन जाणत्या मुफ्तींकडे जावे. शेजारणीच्या निकालावर सामान बांधू नये.

जखमी बायको असली तर? मोटारसायकलवर मागे बसलेल्या बायकांचा बुरखा नाहीतर ओढणी चाकात जाते आणि डोके रस्त्यावर आपटते. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसतेच. शिरूरमध्ये आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई अशी पडली. तिच्या नवऱ्याने फळांची गाडी सकाळपुरती ठेवली, दुपारी तो तिला भरवतो, तिची वेणी घालतो. सहा महिने होताच त्याला दुसऱ्या निकाहचा सल्ला देणारे भेटले. नवरा जखमी असताना बायकोला मात्र फक्त सब्र सांगितला जातो. हा फरक आम्हाला खटकतो, तो इथे नोंदवून ठेवतो.

कागदपत्रांकडेही शुद्ध ठेवून पाहावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. यादीतले रुग्णालय आधी विचारावे. अपघाताच्या भरपाईच्या दाव्याला कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून पोलिसांच्या कागदांची नक्कल लगेच काढावी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेची कायमची अक्षमताही धरली आहे, ती मेंदूच्या इजेने आलेली असली तरी. आमच्याकडे सर्वात जास्त अडले ते बँकेत. पगाराचे खाते एकट्या दुल्हेभाईंच्या नावावर, सही जमेना, पिन आठवेना, आणि बँक म्हणे खातेदारालाच आणा. माणूस कोमातच असेल तर उच्च न्यायालयाकडे जाता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका पत्नीला पतीची पालक नेमले. पण त्याला वकील लागतो, वेळ लागतो. त्यापेक्षा आजच पतीपत्नींनी खाते दोघांच्या नावावर करून ‘दोघांपैकी कोणीही’ अशी नोंद करावी. याला बदशकुन समजणाऱ्यांना आम्ही विचारतो, वसीयत करायला सांगणाऱ्या दीनमध्ये हे कसले अपशकुन?

आता आपाविषयी. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी एका दुःखाला नाव दिले. माणूस समोर आहे आणि तरीही तो गेलेला आहे, अशा दुःखाला. विधवेला इद्दत असते, त्या चार महिने दहा दिवसांत मुहल्ला तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, पातेली येतात, कोणी ना कोणी बसायला येते. आपाचे पती हयात आहेत, अलहम्दुलिल्लाह. मग ती रडते कशासाठी, असे लोक विचारतात. ती सुट्टीच्या दिवशी फिरायला नेणाऱ्या, नळ दुरुस्त करताना गाणे गुणगुणणाऱ्या माणसासाठी रडते. तो माणूस त्याच चेहऱ्याने समोर बसून तिसऱ्यांदा विचारतो की आज जेवण झाले का.

पहिल्या महिन्यात इयादतीला ऐंशीएक माणसे आली असतील. केळी, सफरचंदे, जमजम. प्रत्येकाला चहा आपानेच केला. प्रत्येक जण जाताना म्हणाला, सब्र करा. चौथ्या महिन्यात कोणी येईना, आणि तेव्हा आपाचा रक्तदाब तपासला तर दौंडच्या डॉक्टरांनी तिलाच गोळी लिहून दिली. मग आम्ही बहिणींनी वही घेतली आणि आठवड्याचे तास पाडले, शाळेच्या वेळापत्रकासारखे. इयादतीला येणाऱ्याला फळे नकोत, दोन तास द्या, असे तोंडावर सांगितले. काहींना राग आला. काहींनी तास घेतले.

सकाळी धाकटी बहीण अंघोळीच्या वेळी येते. दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शिरूरहून न्हावरे, चौफुला करत एसटी बदलत दौंडला पोचतो आणि रविवारी परततो. त्या दोन रात्री आपा दुसऱ्या खोलीत झोपते. गुरुवारी कारखान्यातला एक जुना सोबती, जातीने मराठा, दाढी करून द्यायला येतो आणि वस्तऱ्याबरोबर कारखान्यातल्या साऱ्या गप्पा आणतो. त्या तासात दुल्हेभाईंना जेवढे मराठी शब्द सापडतात तेवढे आमच्या पाठातही सापडत नाहीत. सासूबाई शनिवारी दुपारी जपमाळ घेऊन बसतात. त्यांना उठवता येत नाही, पण हाक मारता येते, तेवढेही पुरते.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत भराभर दिसते, नंतर संथ होते, पण थांबतेच असे नाही. दीड वर्षाने त्यांनी सुटे पैसे बरोबर मोजून दूध आणले. मागच्या महिन्यात आपाला नावाने हाक मारली. अपघातापूर्वी ते तिला नावाने कधीच हाक मारत नसत. ती लाजली.

वहीत बुधवारची दुपार अजून रिकामी आहे.