आधी मीटर लावा, मग कॉम्प्युटर बदला

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज जेसीबी आणि पोकलेन चालवतात. काही वर्षे दुसऱ्याच्या मशीनवर राबल्यावर त्यांतील एखादा हिंमत करून स्वतःचे जुने मशीन घेतो. आईचे दागिने गहाण पडतात, भावाची जामिनावर सही होते. मग एखाद्या पावसाळ्यात ते मशीन मधेच अबोला धरते. स्टार्टर फिरतो पण इंजिन उचलत नाही, मीटरचे काटे शून्यावर जातात, पडद्यावर न समजणारे आकडे उमटतात. फिटर सांगतो, "कॉम्प्युटर गेला." घरातले पैसे गोळा करून तो बदलला जातो आणि बिघाड तसाच राहतो! हप्ता मात्र थांबत नाही.

हा प्रश्न आता वाढणार आहे. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना आपल्या देशात एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक निकष लागू झाले. तेव्हापासून अशा बहुतेक यंत्रांत डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. त्या काळातील मशीने आता जुन्या बाजारात येत आहेत. म्हणून पान्याच्या जोडीला मीटर हाती घेणे भाग आहे.

मुळात घोटाळा कुठे होतो? मशीनमध्ये इंजिनाचा, हायड्रॉलिकचा आणि केबिनमधील पडद्याचा असे वेगवेगळे कॉम्प्युटर असतात. ते एकमेकांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून निरोप पाठवतात. या पद्धतीला 'कॅन' म्हणतात. बॉश या जर्मन कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. अवजड वाहनांसाठी तिचे जे नियम ठरले ते 'जे-१९३९' या नावाने ओळखले जातात. एस.टी. स्टँडवर भोंग्यातून घोषणा होते तेव्हा ऐकतात सगळे, पण ज्याची गाडी असेल तोच उठतो. या तारांवरही तसेच चालते. भोंग्याची तार तुटली तर एस.टी. बिघडली असे कोणी म्हणत नाही. मशीनच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. बकेट जमिनीवर टेकवावे, चाकांना आडकाठी लावावी. पडद्यावरील आकडे पुसण्याआधी वहीत उतरून घ्यावेत. 'एसपीएन ६३९' असा आकडा आला तर तक्रार याच तारांवरील संभाषणाची आहे. जोडीला 'एफएमआय ९' असेल तर निरोप ठरल्या वेळी पोचत नाहीत असे समजावे. बिघाड पावसात होतो, इंजिन तापल्यावर होतो की खड्ड्यात आदळल्यावर, हेही ऑपरेटरला विचारून लिहावे.

त्यानंतर बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेले तर चांगला कॉम्प्युटरही गप्प होतो. एकच कॉम्प्युटर गप्प असेल तर आधी त्याचा करंट आणि अर्थ तपासावा. सगळेच गप्प असतील तर संशय सामाईक तारांवर घ्यावा.

आता मुख्य परीक्षा. चावी काढावी, बॅटरी सोडवावी आणि काही मिनिटे थांबावे. पुष्कळ मशीनवर नऊ पिनांचा गोल तपासणी प्लग असतो. त्यावर अक्षरे कोरलेली असतात. 'सी' आणि 'डी' या पिना कॅनच्या होत. ज्या मशीनला दुसऱ्या तऱ्हेचा प्लग आहे त्याच्या वायरिंगच्या पुस्तकात या तारा शोधाव्यात. मीटर ओहमवर लावून दोन्हींमध्ये मोजावे. तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून निरोगी मशीन सुमारे ६० दाखवते. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर निघाला आहे किंवा तार तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे.

मग बॅटरी जोडून चावी चालू करावी आणि प्रत्येक तारेचे व्होल्टेज अर्थशी मोजावे. संभाषण चालू असेल तर एक तार अडीच व्होल्टच्या थोडी वर आणि दुसरी थोडी खाली असते. दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास येते. एखादी तार शून्यावर असेल तर ती बहुधा बॉडीला लागली आहे. १२ किंवा २४ दाखवत असेल तर ती बॅटरीच्या तारेला भिडली आहे. या तारांना टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. त्याने चांगला कॉम्प्युटरही बिघडू शकतो.

तारा चिकटलेल्या आढळल्या तर पुन्हा बॅटरी सोडवून एकेक कॉम्प्युटरचा प्लग काढत मीटरकडे पाहावे. ज्याचा प्लग काढताच आकडा सुधारतो, दोष त्याच्यात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या फाट्यात आहे. मात्र काही कॉम्प्युटरच्या पोटातच तो १२० चा रेझिस्टर असतो. असा प्लग काढल्यावर ६० चे १२० झाले तर तो दोष नव्हे.

जुन्या मशीनमध्ये चोर बहुधा ठरलेल्या जागी सापडतो. पाणी शिरून हिरव्या पडलेल्या पिना, एक्झॉस्टजवळ करपलेली वायर, उंदराने कुरतडलेला हार्नेस, मधेच जोडलेला जीपीएस, पीळ उलगडून टेप गुंडाळलेला जुना सांधा, हे सगळे आधी पाहावे. बॅटरी न सोडता केलेले वेल्डिंगही घातक ठरते. मशीन विकत घेतानाच ही मोजणी केली तर सौद्याच्या वेळी बोलायला आपल्या हाती काहीतरी राहते.

साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत येतो. कॉम्प्युटरची किंमत त्याच्या कैक पट असते. शिवाय भंगारातून आणलेला कॉम्प्युटर त्या मशीनसाठी प्रोग्राम केल्याशिवाय बहुधा चालत नाही. कॉम्प्युटर खराब होतच नाही असे आमचे म्हणणे नाही, पण त्याचा नंबर शेवटचा असावा.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. व्हाउचरशिवाय खर्च आम्हांस मान्य नसतो. मशीनच्या घरीही हीच रीत असावी. फिटरने सुटा भाग मागितला तर घरातील कोणीही, अगदी आईने किंवा पत्नीनेही, एवढेच विचारावे : "ओहम किती आले? व्होल्ट किती आले?" ते आकडे तारीख घालून वहीत लिहावेत, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून त्यांच्या शेजारी मांडावेत. चांगल्या फिटरला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्या हाती घरातले दागिने देऊ नयेत.