गच्चीवरून चंद्र आणि ग्रह : साध्या कॅमेऱ्याची साक्ष

मुंबईच्या उपनगरांतील दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगा हरवली, ही खंत रास्त आहे. तथापि चंद्र, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी या प्रकाशालाही पुरून उरतात. मुलुंड वा घाटकोपरच्या इमारतीची गच्ची, साधा झूम कॅमेरा आणि तिवई एवढी सामग्री त्यांच्या छायाचित्रणास पुरेशी आहे.

चंद्राच्या छायाचित्रात बहुधा नुसती पांढरी चकती उमटते; कारण स्वयंचलित कॅमेरा भोवतालचा काळोख पाहून गरजेपेक्षा अधिक प्रकाश घेतो. वास्तविक चंद्र म्हणजे भर उन्हातला खडक. रात्र आपल्याकडे असते, त्याच्या उजळ भागावर नव्हे. म्हणून मॅन्युअल पद्धत निवडून पौर्णिमेस आयएसओ १००, छिद्र एफ/११ व वेळ १/१०० सेकंद ठेवावी. अष्टमीच्या अर्धचंद्रास वेळ चौपट करावी. फोकस चंद्राच्या कडेवर हाताने साधावा. बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून टायमर लावावा.

पौर्णिमेचे बिंब रम्य खरे, परंतु ऊन समोरून पडत असल्याने विवरांच्या सावल्या दिसत नाहीत. अष्टमीस उजेड-अंधाराच्या सीमेवर त्या लांबतात आणि विवरे उठून दिसतात. वर्षावासाचे महिने ढगांचे. आश्विन पौर्णिमेनंतर आकाश निवळते.

गुरूसाठी २०० मिलिमीटरचे भिंग, आयएसओ ८०० व अर्धा सेकंद पुरे. त्याच्या दोन्ही बाजूंस एका रेषेत बारीक ठिपके उमटतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून पाहिलेले हेच ते चंद्र. रोज चित्र घेतल्यास त्यांच्या जागा बदललेल्या दिसतात. शनी मात्र ठिपकाच राहतो. त्याची कडी पाहण्यास दुर्बीण हवी. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू व शनी चंद्रबिंबाच्या सुमारे पंचमांश अंतरावर आले, तेव्हा एकाच चौकटीत दोघे सहज मावत होते.

मंगळ 'वक्री' झाला की आजही अनेक घरांत भय दाटते. त्या काळात दर आठवड्यास ५० मिलिमीटरच्या भिंगाने त्याच्या भोवतालच्या ताऱ्यांसह चित्र घ्यावे. मंगळ थबकतो, मागे सरकतो, पुन्हा पुढे निघतो. जलद लोकलमधून पाहताना शेजारची धीमी गाडी मागे जात असल्याचा भास होतो, तसेच हे. पृथ्वी सुमारे २६ महिन्यांनी मंगळास मागे टाकते, एवढाच त्याचा अर्थ.

धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे : या आणि पाहा. ग्रहांच्या भीतीपुढे विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली ही चित्रमालिका ठेवावी. घरातील वडीलधाऱ्यांनाही ती दाखवावी.