कुऱ्हाड आपली, वखार दुसऱ्याची

निघोजे-महाळुंगेच्या रस्त्याने जाताना मोटारींच्या कारखान्यांची फाटके दिसतात, तशा लाकडाच्या वखारीही दिसतात. यंत्राचे सुटे भाग परदेशी पाठवायचे तर पेटी आणि पॅलेट बहुधा लाकडाचेच असते. त्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून किंवा धुरी देऊन वर शिक्का मारलेला नसेल, तर माल परक्या बंदरात अडतो.

या वखारींत ओंडके उचलायला आपली मुले आहेत. गल्ल्यावर कोण आहे?

महाराष्ट्रात सॉ मिल म्हटली की कच्छी पटेलांचे नाव निघते. कच्छच्या दुष्काळी मुलखातून ही माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि लाकडाच्या धंद्यात स्थिरावली. आजोबांच्या गादीवर आज नातू बसतो. ओंडक्याचे घनफूट कसे काढायचे, हे तो घरातच शिकलेला असतो. त्यांच्या कष्टाबद्दल आमची तक्रार नाही.

पण लाकूड आपल्या आजोबांनीही फोडले. पाटलाच्या दारचे सरपण फोडणे, मयताची लाकडे वाहणे ही कामे महार वतनात मोडत. त्याची मजुरी नव्हे, बलुते मिळे, तेही घालणाऱ्याच्या मर्जीने. बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कौन्सिलात १९२८ साली मांडले. महार वतन मोडणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. तोवर दुसऱ्यांच्या वखारी उभ्या राहिल्या होत्या.

पुढे जंगल वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी बेकायदा गिरण्यांना चाप लावला. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय समितीच्या परवानगीवाचून नवी सॉ मिल उघडणे थांबले. जंगलासाठी हे योग्यच झाले. पण ज्याच्या घरी जुना परवाना होता, त्याचे मोल आपोआप वाढले. बी.कॉम.ला आम्ही घसाऱ्याचे कोष्टक पाठ केले होते. आऱ्याच्या पात्याला घसारा लागतो, परवान्याला लागत नाही! २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परवान्याचा निर्णय राज्य समितीकडे आला खरा, तरी नवख्याला ती वाट अवघडच.

चिरलेल्या फळ्या विकत आणून पॅलेट ठोकणे हे काम त्या मानाने हाताशी आहे. रविवारी वंदना झाली की वस्तीतल्या मुलांना आम्ही एका पॅलेटचा खर्च मांडायला लावतो: फळ्या, खिळे, भट्टी, टेम्पोभाडे, शेडचे भाडे. मुले खिळ्यांचा पैसा अन् पैसा धरतात. स्वतःची मजुरी धरायला मात्र बहुतेक जण विसरतात.