दिसतो तो कागद, लागतो तो कागद

लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासायचो. उंचवटे काळे व्हायचे, खोलगट भाग कोरेच राहायचे. संगणकावर चित्र काढताना सॉफ्टवेअर आपल्याला ‘कागद’ देतं, तेव्हा ते याहून फार वेगळं काही करत नाही. फक्त नाण्याच्या जागी असते एक करडी प्रतिमा.

या प्रतिमेतला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या जागी कागद किती उंच, याची नोंद: सहसा ० ते २५५ मधला एक आकडा. मोठा आकडा टेकडी, लहान आकडा दरी. पेन हलकं फिरवलं तर रंग टेकड्यांनाच लागतो, दाब वाढवला की दऱ्याही भरतात. १९९१ साली मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचं ‘पेंटर’ हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर बाजारात आलं (तेही रंगाच्या पत्र्याच्या डब्यात घालून!) ते कागद-खडूचा हा भास घेऊनच.

पुष्कळ जण मात्र चित्र पूर्ण करून वरून कागदाचा फोटो पसरतात. मग आकाश, गाल, सावली, सगळीकडे सारखीच खरखर. कागद दिसतो, पण हाताला आडवा आलेला नसतो. पोत ब्रशमध्येच हवा, आणि तोही जागेला खिळलेला. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये याचे दोन प्रकार आहेत: एकात पोताचा दाणा ब्रशबरोबर ओढला जातो, दुसऱ्यात जागच्या जागी राहतो. दुसऱ्या प्रकारात त्याच जागेवरून पुन्हा खडू फिरवला, तर त्याच टेकड्या आणखी गडद होतात. खऱ्या कागदावर होतं तसंच.

जलरंग मात्र हे गणित उलटं करतो. कोरडा ब्रश टेकड्यांवरून घसरत जातो. पण ओल्या वॉशमध्ये अल्ट्रामरीनचे कण पाण्याबरोबर दऱ्यांत उतरून बसतात आणि निळा रवाळ दिसतो. म्हणजे उंचीचा तो एकच करडा नकाशा कधी सुलटा वाचायचा, कधी उलटा. कोळशाची नक्कल साधते, जलरंगाची फसते, ती बहुतेक वेळा इथेच, असं माझं मत.

मी स्वतः फसलो ते मापात. ए-४ आकार, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. पडद्यावर १०० टक्क्यांना कोळशाचा दाणा इतका देखणा दिसत होता की काय सांगावं. छापून आणलं तर नुसता करडा धूर! माझा दाणा होता तीन पिक्सेलचा, कागदावर जेमतेम पाव मिलिमीटर. आता कार्ट्रिज पेपरच्या तुकड्यावर खराखुरा कोळसा घासून तो पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवलाय. चित्र छपाईच्या मापाला आणायचं, तुकड्याशी ताडून बघायचं, मग दाणा ठरवायचा. बोटं काळी होतात, पेन पुसून घ्यावं लागतं.