नेट केव्हा जातं?

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या १९९८पासूनच्या नोंदींमध्ये अधूनमधून एक चमत्कारिक संदेश सापडत असे. क्षणभराचा ठसका, की पुन्हा सगळं शांत. अवकाशातल्या दूरच्या स्फोटांसारखाच तो दिसायचा, पण येत मात्र पृथ्वीवरूनच असावा असा संशय होता. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेरिटॉन’ म्हटलं. पेरिटॉन हा काल्पनिक प्राणी. पंख असलेलं हरीण, पण सावली पडते माणसाची. हे ठसके बहुतेक कामाच्या दिवशी आणि ऑफिसच्या वेळातच येत. आकाशाला काही रविवारची सुट्टी नसते! अखेर २०१५मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधलं खाणं गरम होण्याआधीच कुणी घाईने दार उघडलं, की ओव्हन बंद होता होता त्यातून लहरींचा एक फवारा बाहेर पडायचा.

गंमत म्हणजे ही दुर्बीण चालवणाऱ्या सीएसआयआरओ या संस्थेतच जॉन ओ’सलिव्हन यांच्या गटाने १९९०च्या दशकात वायफायला उपयोगी पडलेलं एक महत्त्वाचं तंत्र विकसित केलं, आणि ओ’सलिव्हन स्वतःही मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातलेच.

पार्क्समधला चोर पकडला गेला तो वेळेमुळे. घरातल्या वायफायबद्दल मात्र लोक सांगतात, ‘नेट सारखं जातं’. या ‘सारखं’वरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. केव्हा जातं, ते सांगितलं तर निम्मं काम होतं. वेल्समधल्या अबरहोसन या खेड्यात तब्बल दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. तारा बदलून झाल्या, तरी फरक पडेना. २०२०मध्ये अभियंते लहरी मोजायचं यंत्र घेऊन भर पावसात पहाटे गावातून फिरले. बरोबर ७ वाजता यंत्राचा काटा उडाला आणि माग एका घरातल्या जुन्या टीव्हीपाशी जाऊन थांबला. मालक रोज त्याच वेळी तो लावत असत. त्या गावाचं नेट तारेवरचं होतं, तरी टीव्हीच्या लहरींनी ते पाडलं; वायफायचा मार्ग तर सगळा हवेतूनच जातो.

तेव्हा नेट गेलं की आधी वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहावी, आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं तेही. राऊटर बंद करून चालू करायचा मोह मात्र थोडा आवरावा. त्याने अनेकदा काम भागतं हे खरं, पण पुरावाही पुसला जातो.

दोष कुठे आहे हे ठरवायला विंडोजमध्ये फुकटची सोय आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या. पहिलीत ‘पिंग’ हा शब्द, पुढे राऊटरचा पत्ता आणि शेवटी वजा-टी असं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. पत्ता बहुधा राऊटरखालच्या स्टिकरवर असतो. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. दुसरीत तोच शब्द आणि शेवटी तेच वजा-टी, पण पत्ता बाहेरच्या जगातला, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. आता दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एक ओळ उमटत राहील. राऊटरचं उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. नेट अडखळलं तेव्हा पहिली खिडकी नीट चालू राहिली आणि दुसरीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येऊ लागलं, तर गडबड राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे, म्हणजे बहुधा कंपनीच्या लाइनमध्ये. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ असं लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर शंकाच नको, प्रकाशच येत नाहीये. पण दोन्ही खिडक्या एकदम गळपटल्या, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. दोष बहुधा राऊटर आणि टेबल यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत आहे. त्याच टेबलावर मोबाइल त्याच वायफायवर सुरळीत चालत असेल, तर दोष आणखी जवळ, कॉम्प्युटरमध्येच आहे.

त्या दहा-पंधरा फुटांत गर्दी फार. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, आणि ब्लूटूथचे माउस-हेडफोनही तिथेच. राऊटर जेमतेम एक दशांश वॉटने बोलतो, ओव्हनमध्ये सात-आठशे वॉट खदखदत असतात. त्यातली किंचितशी गळती माणसाला अपाय करत नाही, पण राऊटरचा आवाज तिच्यात बुडतो. या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर इतके चढलेले आहेत की एका वेळी १, ६ आणि ११ यांसारखे तीनच एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत तीनच मोकळ्या वाटा! रात्री नऊनंतर घरोघरी वेब सिरीज सुरू झाल्या की नेट रखडतं, त्याचं एक कारण हे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे, मात्र भिंत ओलांडताना त्या लहरी लवकर दमतात. राऊटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला असेल तर दोन्ही पट्ट्यांचे हाल. तो घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर असावा. दिसायला वाईट दिसतो, पण इलाज नाही.

टेबलावरच्या कॉम्प्युटरची एक खास व्यथा असते. त्याचं वायफाय कार्ड पाठीमागे, पत्र्याच्या डब्याला चिकटलेलं आणि डबा भिंतीला टेकलेला. सोबत आलेल्या दोन छोट्या अँटेना खोक्यातच राहून गेल्याचंही पुष्कळदा आढळतं. कार्ड त्यांच्याशिवायही जवळचा राऊटर कसाबसा ऐकतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. कार्डाऐवजी यूएसबी खाचेत लावायचा वायफाय डोंगल असेल तर दुसराच घोळ. त्याच्या शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० खाचेत हार्ड डिस्क लावून फाइल कॉपी करायला घेतल्या की २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लंगडू लागतं. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून दाखवलं होतं: यूएसबी ३.०च्या वेगवान संदेशांतून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पसरतो. उपाय एक हात लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर. डोंगल डब्यापासून दूर, टेबलावर आणून ठेवला की झालं.

कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावरच नेट मिळत नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय कार्डाच्या पॉवरच्या पानावर जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. कार्डाचा ड्रायव्हरही एकदा ताजा करून पाहावा.

आपल्याकडची आणखी एक खास वेळ म्हणजे लाइट जाण्याची. इन्व्हर्टर लागतो, पंखा फिरतच राहतो, म्हणून नेटही चालूच असेल असं वाटतं. पण वीज बदलण्याच्या त्या निमिषात राऊटर झटका खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि जोडणी व्हायला एक-दोन मिनिटं घेतो. ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखतीत तेवढी मिनिटंही जीवघेणी ठरतात. राऊटरसाठी वेगळा छोटा बॅटरी-बॅकअप मिळतो, तो घेतलेला बरा.

दोष कंपनीच्या लाइनमध्ये आहे असं खिडक्यांनी दाखवलं, तर तक्रार करताना वहीतल्या वेळा वाचून दाखवाव्यात आणि खिडकीचा फोटो पाठवावा. ‘राऊटर रीस्टार्ट करून बघा’ हे उत्तर मग लवकर संपतं.

आणि सगळं करून थकलात तर कॅट-६ची केबल आणा. टेबलावरून वर्षानुवर्षं न हलणाऱ्या कॉम्प्युटरला हवेतून नेट देण्याचा हट्ट तसा हवाच कशाला? ती केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि आपले फ्लॅट काही तेवढे लांब नसतात.